लिहिलेले एक, वाचायचे दुसरे: गणना ६:२४ मधील देवनामाचे प्रकरण

बायबलमधील गणना या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात, २४ ते २६ या ओव्यांत, अहरोनाच्या वंशातील याजकांनी इस्राएल लोकांना आशीर्वाद कोणत्या शब्दांत द्यायचा ते नेमून दिले आहे. ओळी तीनच आहेत. पहिलीत तीन शब्द, दुसरीत पाच, तिसरीत सात. हिब्रू अक्षरे मोजली तर १५, २० आणि २५. प्रत्येक ओळीतला दुसरा शब्द मात्र तोच आहे: योद, हे, वाव, हे या चार अक्षरांचे देवाचे नाव.

पहिल्या ओळीचा अर्थ असा: तो तुला आशीर्वाद देवो आणि तुला सांभाळो. या 'तो'च्या जागी मूळ मजकुरात ते नाव आहे. पुढची २७वी ओवी तर स्पष्टच सांगते की याजकांनी अशा रीतीने माझे नाव इस्राएल लोकांवर ठेवावे, म्हणजे मी त्यांना आशीर्वाद देईन. ज्या विधीचा हेतूच नाव ठेवणे हा आहे, त्याच विधीत आज ते नाव कोणी उच्चारत नाही. म्हणून अभ्यासासाठी हीच ओवी घेतली आहे.

प्रश्न साधा आहे. ही ओळ मोठ्याने वाचायची झाली तर दुसऱ्या शब्दाचा उच्चार काय करायचा, आणि देवनागरीत तो कसा लिहायचा? उत्तरे चार मिळतात: अदोनाय, यहोवा, याहवे, परमेश्वर. चारही कुठून ना कुठून आलेली आहेत. घोटाळा होतो तो त्यांची सरमिसळ झाल्यामुळे.

चांदीच्या पट्टीवरचे नाव

१९७९ साली जेरुसलेमच्या जुन्या शहराच्या नैऋत्येला, हिन्नोम खोऱ्याच्या उतारावर, गॅब्रिएल बारकाय यांच्या उत्खननात एका दफनगुहेत चांदीच्या दोन बारीक सुरळ्या सापडल्या. चांदी ठिसूळ झालेली होती, त्यामुळे त्या उलगडायला काही वर्षे लागली. उलगडल्यावर मोठी पट्टी सुमारे ९७ मिलिमीटर लांब आणि २७ रुंद निघाली, धाकटी ३९ बाय ११. धाकटी पट्टी करंगळीवर मावेल एवढीच. तिच्यावर टोकदार साधनाने जुन्या हिब्रू लिपीत ओरखडून लिहिलेला मजकूर म्हणजे आपल्या या आशीर्वादाचेच थोडे आखूड रूप. काळ इ.स.पू. सातव्या शतकाचा शेवट किंवा सहाव्याची सुरुवात. बायबलमधला मजकूर असलेले याहून जुने लेखन आजवर सापडलेले नाही.

या पट्टीवर चारही अक्षरे सरळ लिहिलेली आहेत. नाव झाकण्याचा, बदलण्याचा कुठलाही प्रयत्न नाही. मवाबचा राजा मेशा याच्या इ.स.पू. नवव्या शतकातल्या शिलालेखात तर परक्या राजानेही ते नाव कोरले आहे. त्या काळी नाव लिहिले जात होते, आणि बोललेही जात होते. पण हिब्रू लिपीत तेव्हा स्वरांच्या खुणा नव्हत्या. देवनागरीतले काना, मात्रा, वेलांटी काढून फक्त व्यंजने ठेवली तर जे उरेल, तसेच काहीसे ते लेखन आहे. म्हणून पट्टी नावाचे अस्तित्व सिद्ध करते, उच्चार सांगत नाही.

मंदिरात एक, गावात दुसरे

मिश्ना हा यहुदी धर्मशास्त्राचा संग्रह इ.स. २०० च्या सुमारास सिद्ध झाला. त्यातल्या सोता प्रकरणात (७:६) नेमक्या याच आशीर्वादाबद्दल नियम दिला आहे. जेरुसलेमच्या मंदिरात याजक नाव लिहिल्याप्रमाणे उच्चारत, मंदिराबाहेर पर्यायी शब्दाने. मंदिरात ते हात डोक्याच्या वर नेत, बाहेर खांद्यापर्यंत. म्हणजे उच्चारावरचे बंधन प्रथम जागेशी बांधलेले होते. नाव सर्वांनाच वर्ज्य होते असे नव्हे.

पुढे हे वर्तुळ आवळत गेले. प्रायश्चित्ताच्या दिवशी, योम किप्पुरला, महायाजक नाव उच्चारी तेव्हा अंगणातले लोक दंडवत घालत. मिश्नावरील चर्चेच्या बाबिलोनी तालमुद या ग्रंथात (किद्दुशिन ७१अ) रब्बी (धर्मगुरू) तार्फोन यांची आठवण नोंदली आहे: ते याजकांच्या ओट्यावर उभे होते, महायाजकाकडे कान लावला, तेव्हा इतर याजकांच्या सुरांत तो नाव गिळून टाकताना त्यांना ऐकू आला. त्याच ठिकाणी असेही म्हटले आहे की गुरू आपल्या शिष्यांना हा उच्चार सात वर्षांतून एकदा सांगत, कोणी म्हणतात दोनदा. उच्चार कसा विझत गेला हे समजायला यापेक्षा जवळचा पुरावा नाही. कुणी फर्मान काढून तो बंद केलेला नाही. आधी जागा कमी झाली, मग माणसे कमी झाली, मग आवाज बारीक झाला. इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडले आणि उच्चाराची शेवटची अधिकृत जागाही गेली. उरला तो मंदिराबाहेरचा नियम, म्हणजे पर्यायी शब्द: अदोनाय, 'माझा प्रभू'.

खुणा कुणाच्या, अक्षरे कुणाची

आता खऱ्या गुंत्याकडे येऊ. सातव्या ते दहाव्या शतकात तिबिर्या इथल्या मसोरेत विद्वानांनी व्यंजनांच्या मजकुराला स्वरखुणा दिल्या. मजकूर पवित्र, त्यातले एकही अक्षर हलवायचे नाही, अशी त्यांची शिस्त होती. जिथे लिहिलेला शब्द एक आणि परंपरेने वाचायचा शब्द दुसरा, तिथे त्यांनी अक्षरे लिहिलेल्या शब्दाची ठेवली आणि खुणा वाचायच्या शब्दाच्या लावल्या. लिहिलेल्याला केतीव म्हणतात, वाचायच्याला केरे. एरवी अशा ठिकाणी समासात टीप असते. पण देवाचे नाव हिब्रू शास्त्रात सुमारे ६,८०० वेळा येते, आणि ते कसे वाचायचे हे प्रत्येक वाचणाऱ्याला बालपणापासून ठाऊक. म्हणून तिथे टीप दिली नाही. ही न दिलेली टीपच पुढच्या साऱ्या गोंधळाचे मूळ आहे.

मराठीत करून पाहिले की लगेच कळते. समजा मजकुरात 'गणपत' असे नाव आहे, पण ते तोंडाने घ्यायचे नाही, त्या जागी 'महाराज' म्हणायचे. लेखनिक 'महाराज'मधले दोन काने उचलून 'गणपत'वर ठेवतो. कागदावर दिसते 'गणापात'. घरातला माणूस ते पाहून न अडखळता 'महाराज' म्हणतो. परका माणूस मात्र 'गणापात' वाचतो, आणि या नावाचा कोणी होता असे धरून चालतो.

हिब्रूत नेमके हेच झाले. अदोनाय या शब्दाचे स्वर असे: पहिल्या अक्षराला निसटता अ, मग ओ, मग आ. पहिले अक्षर आलेफ कंठ्य आहे, म्हणून त्याला हताफ-पताह ही खूण लागते. योद कंठ्य नाही, म्हणून त्याच जागी साधा शेवा येतो, ज्याचा उच्चार निसटत्या ए-सारखा. मधली ओ-ची खूण होलेम, शेवटची आ-ची कामात्स. सगळ्या खुणा लावून अक्षरशः वाचले की येहोवा. १००८ साली लिहून झालेल्या आणि आज सेंट पीटर्सबर्गमध्ये असलेल्या हिब्रू बायबलच्या लेनिनग्राड हस्तलिखितात बहुतेक ठिकाणी होलेमसुद्धा नाही, फक्त शेवा आणि कामात्स. त्यामुळे काही अभ्यासकांना वाटते की त्या दोन खुणा 'शेमा', म्हणजे अरामी भाषेतील 'नाव' या शब्दाच्या असाव्यात. तोराह मानणारा, पण यहुद्यांहून वेगळा असलेला शोमरोनी समाज आजही वाचताना 'शेमा' म्हणतो, तेव्हा हा विचार उडवून लावण्यासारखा नाही. ९३० च्या सुमारचे आलेप्पो हस्तलिखित याहून जुने आणि अधिक काटेकोर, पण १९४७ च्या दंगलीनंतर त्याची तोराहची, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांची, बहुतेक पाने गहाळ झाली. गणनेचा सहावा अध्याय त्यात आज नाही.

खुणा नावाच्या नाहीत याचे दोन पुरावे व्याकरणातच आहेत, आणि ते कुणालाही तपासता येतात.

पहिला. उत्पत्ती १५:२ मध्ये अब्राम देवाला 'अदोनाय' म्हणून हाक मारतो आणि लगेच पुढे चार अक्षरांचे नाव येते. इथे नावाला पुन्हा अदोनाय वाचले तर 'अदोनाय अदोनाय' होईल. म्हणून वाचणारे तिथे 'अदोनाय एलोहीम' (एलोहीम म्हणजे देव) म्हणतात, आणि खुणाही एलोहीमच्या आहेत, शेवटी इ-कार. त्या अक्षरशः वाचल्या तर 'येहोवी' होते. खुणा नावाच्या स्वतःच्या असत्या तर शेजारी कोणता शब्द आहे त्यावरून त्या बदलल्या नसत्या.

दुसरा पुरावा अधिक बारीक आहे, आणि आमच्या मते अधिक पक्का. हिब्रूत 'पासून' या अर्थाचा 'मि' शब्दाच्या आधी जोडला जातो. पुढे येणारे अक्षर 'ये' असेल तर दोन्ही मिळून 'मी' होते. यशया ६५:९ मध्ये येहूदा या नावाला तो लागला तेव्हा 'मीहूदा' झाले. अदोनायसारखा कंठ्य अक्षराने सुरू होणारा शब्द असेल तर 'मि'चा 'मे' होतो. उत्पत्ती १८:१४ मध्ये 'परमेश्वराला काही अवघड आहे काय' असे विचारले आहे, तिथे देवनामाच्या आधी 'मे' आहे. म्हणजे खुणा देणाऱ्याच्या तोंडी 'मेअदोनाय' होते. तो 'येहोवा' म्हणत असता तर 'मीहोवा' लिहिले असते.

परक्या वाचकांचे दोन अपघात

ग्रीक भाषांतरांच्या काही जुन्या प्रतींत नाव मुद्दाम हिब्रू अक्षरांतच ठेवलेले असे. चौथ्या शतकातले ख्रिस्ती विद्वान जेरोम यांनी नोंदवले आहे की हिब्रू न येणारे काही वाचक त्याला 'पिपि' वाचत. कारण अगदी सरळ आहे. हिब्रू 'हे' हे अक्षर ग्रीक 'पाय' या अक्षरासारखे दिसते, योद आणि वाव आयोटासारखे, आणि ग्रीक वाचक डावीकडून उजवीकडे वाचतो. उलट्या दिशेने ती चार अक्षरे पाय, आयोटा, पाय, आयोटा अशी दिसतात.

दुसरा अपघात यहोवा. मध्ययुगाच्या अखेरीस आणि सोळाव्या शतकात युरोपातले ख्रिस्ती विद्वान हिब्रू शिकू लागले. हाती खुणांचा मजकूर आला, पण तो वाचण्याची मौखिक रीत हाती आली नाही. १५३० च्या टिंडेल यांच्या इंग्रजी तोराहमध्ये हे रूप छापले गेले. १६११ च्या किंग जेम्स आवृत्तीत बहुतेक ठिकाणी 'प्रभू' अशा अर्थाचा शब्द आहे, पण चार ओव्यांत हे रूप एकटे ठेवले: निर्गम ६:३, स्तोत्र ८३:१८, यशया १२:२ आणि २६:४. मराठीत 'यहोवा' हा शब्द ख्रिस्ती साहित्यातून आला. आपल्याकडे निदान मूळचा 'य' राहिला, इंग्रजीत तर त्याचा 'ज' झाला.

दोन्ही अपघात एकाच जातीचे, पण पहिल्याला कुणी आज नाव मानत नाही आणि दुसऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी प्रार्थना केली आहे. म्हणून यहोवा म्हणणाऱ्याची चेष्टा करणे आम्हाला मुळीच मान्य नाही. मात्र 'हाच मूळ उच्चार' असे कुणी सांगत असेल तर ते चूक आहे, आणि ते स्पष्ट म्हणायला हवे.

मूळ उच्चार किती सापडतो

याचा अर्धा पुरावा मराठी बायबलच्या अनुक्रमणिकेतच आहे. यशया, यिर्मया, ओबद्या, सफन्या, जखऱ्या, नहेम्या: शेवटचा 'या' पाहा. हिब्रूत तो 'याह' किंवा 'याहू' आहे, देवनामाचाच तुकडा. सुरुवातीला आला की तोच 'यहो' किंवा 'यो' होतो: यहोशवा, यहोशाफाट, योनाथान, योएल. हालेलूयाच्या शेवटी तोच 'याह' आहे, 'याहची स्तुती करा'. माणसांच्या नावांवर उच्चाराची बंदी कधीच नव्हती, म्हणून पहिला अवयव 'याह' अखंड बोलला गेला. त्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

दुसरा अवयव 'वे' याला आधार वेगळा आहे. इ.स. २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाचे ख्रिस्ती लेखक क्लेमेंट ग्रीकमध्ये 'इआऊए' असे लिहितात. पाचव्या शतकात ख्रिस्ती लेखक थिओडोरेट लिहितात की शोमरोनी लोक 'इआबे' म्हणतात, आणि त्या काळच्या ग्रीकमध्ये 'बीटा'चा उच्चार 'व' झालेला होता. निर्गम ३:१४ मध्ये देव स्वतःबद्दल 'एह्ये', 'मी आहे' किंवा 'मी असेन', असे म्हणतो, आणि त्याच 'असणे' धातूच्या तृतीयपुरुषी रूपाशी हे स्वर जुळतात. या सगळ्यांतून 'याहवे' निघते. पहिला अवयव पक्का, दुसरा सबळ अनुमान, असे आम्ही मानतो.

देवनागरीत लिहिताना एक बारकी गोष्ट सांभाळावी. 'याव्हे' असेही लिहिलेले दिसते, पण मराठीत 'व्ह' म्हटले की महाप्राण वकार तोंडात येतो, जसा 'व्हेल'मध्ये. मूळ रचनेत 'हे' हे अक्षर 'व'च्या आधी आहे आणि पहिला अवयव बंद करते. म्हणून 'याहवे' बरे.

लेखनिकाच्या बोरूखाली

उच्चार नाही म्हणून नावाचे महत्त्व कमी झाले असे नाही. ते लेखनात गोळा झाले. तोराहची गुंडाळी लिहिणारा सोफेर प्रत्येक वेळी हे नाव लिहिण्याआधी 'नावाच्या पावित्र्यासाठी लिहितो' असे म्हणतो. चर्मपत्रावर इतर शब्द चुकला तर शाई वाळल्यावर सुरीने खरवडून दुरुस्त करता येतो. नाव खरवडता येत नाही. नावाला आधी जोडलेले अक्षर, जसे 'ला' अर्थाचे लामेद, पुसता येते, पण एलोहेखा ('तुझा देव') यासारख्या शब्दात शेवटी जोडलेला 'तुझा'चा भाग पुसता येत नाही, कारण तो नावाने पवित्र झालेला असतो. नाव राहून गेले तर पूर्ण नाव दोन ओळींच्या मधल्या जागेत लिहितात, अर्धे ओळीत आणि अर्धे वर असे नाही. नको तिथे नाव लिहिले गेले तर पूर्ण पान काढून नवे शिवतात आणि जुने पान गेनिझात, म्हणजे बाद झालेले पवित्र लेखन ठेवण्याच्या जागी, ठेवतात किंवा पुरतात.

सर्वांत धोक्याचा शब्द 'येहूदा'. त्याची अक्षरे योद, हे, वाव, दालेत, हे. दालेत गळला की देवाचे नाव तयार होते. तालमुदात (गित्तिन २०अ) याची उलट बाजू चर्चेला घेतली आहे: लिहायचे होते नाव, मनात होते येहूदा, आणि चुकून दालेत गळला, म्हणून अक्षरे बरोबर उमटली. रब्बी येहूदा म्हणतात, त्यावरून पुन्हा बोरू फिरवून ते पवित्र करावे. इतर विद्वान म्हणतात, असे नाव उत्तम नव्हे. अक्षरे तंतोतंत असूनही मनात ते नव्हते, म्हणून प्रश्न उभा राहिला.

मोजणीतही हीच काळजी. हिब्रूत अक्षरेच आकडे असतात. १५ म्हणजे योद-हे, १६ म्हणजे योद-वाव, दोन्ही नावाचे तुकडे. म्हणून १५ ला तेत-वाव (९+६) आणि १६ ला तेत-झायिन (९+७) लिहितात.

कोकणातला दुवा

रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्राएल हे यहुदी, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली', यांच्याकडे दीर्घकाळ हिब्रू ग्रंथ नव्हते, पण 'शेमा यिस्राएल' ('हे इस्राएला, ऐक') ही प्रार्थना पाठ होती, असे त्यांची परंपरा सांगते. त्या वाक्यात देवनाम दोनदा येते: शेमा यिस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एहाद. पुस्तक नसताना कानाने जे टिकते ते नेहमी केरे असते, केतीव नव्हे. चार अक्षरे पाहिलीच नसतील तर ती चुकीची वाचण्याचा प्रश्नच येत नाही.

आणि त्यांच्या मलिदा या विधीत, गोड पोहे, ओले खोबरे आणि फळे यांचे ताट मांडून, ज्याचे स्मरण होते तो एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलिया. एलि-याहू, म्हणजे 'याहू माझा देव'. अदोनाय म्हणणाऱ्याच तोंडातून, माणसाच्या नावात बसलेला, मूळ नावाचा तुकडा बिनधोक निघतो. आमच्या दृष्टीने हा सबंध विषयातला सर्वांत सुंदर दुवा आहे.

निर्णय

सभास्थानात किंवा यहुदी माणसासमोर ही ओवी वाचताना अदोनाय म्हणावे. प्रार्थनेबाहेर, शिकवताना किंवा गप्पांत, यहुदी लोक 'हाशेम', 'ते नाव', म्हणतात, आणि पाहुण्यानेही तेच वापरावे. कॅथलिक उपासनेतही हे नाव उच्चारू नये, गाण्यांतही नको, अशी सूचना व्हॅटिकनने २००८ मध्ये दिली आहे, तेव्हा मराठी कॅथलिक गायनमंडळानेही 'याहवे' टाळावे. अभ्यासाच्या लेखनात याहवे लिहावे आणि पहिल्यांदा येईल तिथे हे अनुमान आहे असे एका ओळीत सांगावे. मराठी भाषांतरात परमेश्वर हा शब्द योग्य आहे, कारण तो अदोनायच्या वाटेनेच जातो: नाव न घेता धन्याला हाक मारतो. यहोवा हा शब्द इतिहासाचा भाग म्हणून, किंवा ज्यांच्या प्रार्थनेत तो आहे त्यांचे म्हणणे देताना वापरावा.

आणि गणनेची ती ओवी आजही म्हटली जाते. याजक वंशातले पुरुष जोडे काढून, लेवींकडून (मंदिरसेवकांच्या वंशातल्यांकडून) हात धुवून घेऊन, समोर येतात, प्रार्थनेची शाल डोक्यावरून ओढून तिच्याखाली हात पसरतात. प्रार्थना चालवणारा एकेक शब्द सांगतो, ते मागून म्हणतात, समोरचे लोक त्यांच्या हातांकडे पाहत नाहीत. येवारेखेखा. अदोनाय. वेयिश्मेरेखा.